सुपारीएवढा मोरचूद

सोलापूर स्टेशनात आम्हाला निरोप द्यायला कुणी आलं नव्हतं, कारण निरोप होटगीच्या पुढं ठरला होता. आमची वस्ती तिथं रुळाच्या कडेला. गाडी तिथं थांबत नाही, पण दिसते. माझा धाकटा भाऊ बिरू म्हणाला होता, "दादा, मी फाटकापाशी शेरडं घिऊन हुभा ऱ्हातो. तू निस्ता हात कर." माझ्या लेकीनं, उज्ज्वलानं, मात्र बंद काचेच्या डब्याचं तिकीट काढलेलं. ती काच उघडत नाही आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. फाटक आलं. बिरू डोक्याचा पटका सोडून हवेत फिरवत होता. पुढच्या साध्या डब्यातल्या माणसांना तो कोण कुठला काही माहीत नव्हतं, तरी त्या सगळ्यांनी त्याला हात केले. मीही केला. तो त्याला दिसला नाही. फाटक मागं गेलं, मग आमचा लिंब, मग बोअरची टाकी, मग नुसता माळ.

बिरू, तू अजून फोनवर म्हणतोस, "तू हात केला न्हाईस." केला होता. आज लिहून देतो. पण हे नुसतं तुझ्यासाठी नाही. वस्तीवरची जी पोरं पुण्याला, हैदराबादला, कुणी आखातात गेली, त्यांनीही वाचावं. ती कामासाठी गेली. मी सत्तरीला आलो तेव्हा निघालो, आणि कामाला म्हणून नाही, बिनकामाचा झालो म्हणून निघालो. तरी इथं येऊन काम केलं आणि कामात एक माती खाल्ली. ती सांगायची आहे.

आमचं काम घोंगडीचं. खड्ड्यात पाय सोडून मी मागावर बसायचो, तोंड भिंतीकडं. पाठीमागं अंगणात माझी मालकीण, शेवंता, खळ शिजवायची. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवायचे, वाटायचे आणि शिजवून त्याची लापशी करायची, ती खळ. ताण्याचे उभे दोरे अंगणात लांब ताणायचे, त्यांच्यावर कुंच्यानं खळ ओढायची आणि उन्हात वाळवायचं. लोकरीच्या दोऱ्याला तूस फार. खळ लागली की तूस बसतं, दोरा घट्ट होतो, मागावरची ओढाताण सोसतो. घोंगडी झाली की गिऱ्हाईक किनार बघतं, वीण बघतं, खांद्यावर टाकून वजन बघतं. खळ कुणी बघत नाही. दोन धुण्यांत ती निघूनही जाते.

चव्वेचाळीस वर्षं मी तिच्या खळीवर विणलं. चांगली झाली असं एकदाही म्हणालो नाही. वाईट झाली की म्हणायचो, तेही मान न वळवता. ती म्हणायची, "तुमचा आवाज दुसऱ्याच्या चुकीलाच लागतो बगा. सवताच्या येळंला घसा बसतो." मी म्हणायचो, "कुंचा मार, लई बोलू नगं." असा आमचा संसार. वाईट नव्हता. पण आता रिकाम्या वेळात आठवतो तेव्हा त्यात माझं बोलणं फार कमी आहे, आणि जे आहे ते सांगण्यासारखं नाही.

मागच्या श्रावणात ती गेली. तापाचं निमित्त, दवाखान्यात चार दिवस. दिवस झाल्यावर मी एक ताणा लावला. म्हटलं, हात चालू राहिला तर डोकं चालू राहील. खळ मीच केली. पातळ झाली. दोरे शेवयांसारखे तुटले. दुसऱ्या ताण्याला दाट केली. तो काठीसारखा ताठ झाला, मागाच्या फणीत अडकायला लागला आणि परत तुटला. शेजारपाजारी विचारावं तर खळ करणारं घर आमचंच उरलेलं. तिसऱ्यांदा मी हात लावला नाही. मागावर जाऊन बसायचो आणि भिंत बघायचो.

उजी आली आणि तिनं हे बघितलं. उज्ज्वलाला आम्ही उजीच म्हणतो. ती शिकत शिकत सोलापुरातून पुण्याला आणि पुण्यातून बंगळूरला गेलेली. म्हणाली, "आबा, भिंतच बघायची तर माझ्याकडं चला. तिकडं निदान खिडकी हाय."

खिडकी आहे, हे खरं. तिच्या संस्थेनं तिला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या दिल्यात. खाली झाडंच झाडं, ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही. आपल्याकडं सावली शोधावी लागते, इथं मी पहिले पंधरा दिवस ऊन शोधत फिरलो. जवारीचं पीठ मिळतं, पण ते पाकिटातलं, त्याला वास नाही. कानडी मात्र उपयोगी पडली. अक्कलकोटच्या बाजारात शेरडं विकताना जेवढी शिकलो तेवढीच, ती ऐकून इथली माणसं हसतात. लिफ्टमध्ये मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा चपला बाहेर काढल्या होत्या. त्या खालीच राहिल्या आणि मी वर गेलो. हेही लिहून टाकतो, नाहीतर उजी सांगेल आणि वाढवून सांगेल.

तिचं काम काय, हे वस्तीवर कुणालाच धड माहीत नव्हतं. बिरू म्हणायचा, "आपुन शेरडं राखतो, ती चिलटं राखती. राखणं काय सुटलं न्हाय बग आपल्या घराण्यातलं." तसंच आहे. पिकल्या केळीवर घोंगावतात ती चिलटं. बोटाएवढ्या नळ्यांत ठेवतात, तोंडाला कापसाचा बोळा, तळाला खाणं. एका खोलीत अशा हजारो नळ्या. उन्हाळा-हिवाळा बाहेर, आत कायम एकच हवा. दर काही दिवसांनी जुन्या नळीतली चिलटं नव्या नळीत झटकायची, म्हणजे वंश चालू राहतो.

मी तिथं गेलो तो वासाच्या मागं. उजीला डबा द्यायला गेलो होतो आणि जिन्यातच मला शिजणाऱ्या खळीचा वास आला. वासाच्या मागं गेलो तर एका खोलीत मोठ्या पातेल्यात मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि घट्ट व्हायला आगर शिजत होतं. चिलटांचं जेवण. ढवळत होती नागम्मा. कलबुर्गीकडची बाई, नळ्या धुण्याचं काम तिचं. जेवण करणारा माणूस पाय मोडून सुट्टीवर गेलेला, म्हणून तिच्या गळ्यात दोन्ही कामं. तिचा हात बघून मी म्हणालो, "बाई, तळाला लागतंय." ती म्हणाली, "अज्जा, मग तूच धर की पळी." धरली. दुसऱ्या दिवशी परत गेलो. महिनाभरानं उजीच्या मोठ्या मॅडमनी सांगितलं, बसूद्या आजोबांना, पण सगळं नागम्माला विचारून. उजीनं माझ्यासाठी शब्द टाकला होता.

बिरू, मला बरं वाटलं रे. सकाळी उठून कुठंतरी जायचं होतं.

एक दिवस उजीनं मला भिंगाखाली पंख दाखवला. चिलटाचा पंख एवढा मोठा कधी बघितला नव्हता. अभ्रकासारखा, आणि कडेनं बारीक केसांची किनार. मग दुसरा दाखवला. त्याच्या कडेला खाच, उंदरानं कुरतडल्यासारखी.

मी म्हणालो, "किनार तुटली."

"तेच तर माझं काम आहे," ती म्हणाली, "किनार का तुटली ते शोधायचं."

तिनं जे सांगितलं ते मला समजलं तेवढं लिहितो. अंगातली प्रत्येक पेशी शेजारणीचं ऐकून ठरवते, आपण काय व्हायचं, किनार व्हायचं की मधला भाग. ऐकायला तिच्या अंगाबाहेर एक पदार्थ आलेला असतो, कानासारखा. त्या कानावर ठरलेल्या जागी साखरेचे बारके कण बसवलेले असतात. आधी एका जातीची साखर, मग काही पेशींत तिच्यावर दुसऱ्या जातीची. शेजारणी दोन तऱ्हेच्या बोलतात. वरची साखर बसली की कानाला एकीचं जास्त ऐकू येतं, दुसरीचं कमी. पंखाच्या वरच्या बाजूच्या पेशी ही दुसरी साखर चढवतात, खालच्या नाही. दोन्ही जिथं भेटतात तिथं बोलणं सगळ्यात जोरात होतं, आणि तिथंच किनार उगवते.

मी म्हणालो, "म्हंजी खळच की ही. दोरा तोच, खळ लावली की वागतो निराळा."

ती हसली. "जवळपास. पण खळ दोऱ्याला बळ देती. ही साखर कानाला बळ देत नाही आबा, कुणाचं ऐकायचं ते ठरवती. आणि तुमच्या चिंचोक्याच्या खळीतबी साखरेच्याच लांब साखळ्या असत्यात."

"मग गोड का लागत न्हाय?"

"लांब साखळी गोड लागत नाही."

तिनं तीन वर्षं खपून चिलटांचा एक वंश तयार केला होता. त्यात कानावरची एकच जागा अशी बदललेली की तिथं साखर बसूच नये. बाकी सगळं जसंच्या तसं. त्या एका कणानं किनारीचं काय होतं, हे तिला दाखवायचं होतं. असा वंश दुसऱ्या कुणाकडं नाही. सहा नळ्यांत मिळून जेमतेम शंभर जीव, आणि नाजूक. तिची सगळी पुढची वाट त्या सहा नळ्यांवर.

आता माझी माती.

हवा दमट झाली आणि नळ्यांतल्या खाण्यावर पांढरी बुरशी यायला लागली. नागम्मा बुरशी न येण्याची पावडर मोजून घालायची, तरी यायची. सगळी पोरं-पोरी कुरकुरत होती. नागम्मा दोन दिवस रजेवर गेली आणि पातेलं माझ्या एकट्याकडं आलं. मांडणीवर काचेची बाटली होती, आत निळे खडे. मी नाव वाचलं नाही, वाचायची गरज नव्हती. मोरचूद. द्राक्षांवर मारतात तोच. आमच्या खळीला दमट दिवसांत बुरशी यायची तेव्हा शेवंता मोरचूद घालायची, हे मी पाठमोरा बसूनही बघितलेलं. म्हटलं, एवढं शिकलेले लोक आणि एवढं साधं कुणाला सुचू नये? सुपारीएवढा खडा घेतला, ठेचला आणि पातेल्यात टाकला. जरा हिरवट झाक आली, गुळाच्या रंगात दिसेनाशी झाली. कुणाला विचारलं नाही. कुणाला सांगितलं नाही. मनात म्हटलं, बुरशी थांबली की सांगू, मग बघू कसे तोंडात बोटं घालतात.

बुरशी थांबली.

दुसऱ्या दिवशी उजीनं तिची सगळी चिलटं त्या नव्या खाण्यावर झटकली. दोन्ही संच, मूळचा आणि जपून ठेवायचा, एकाच दिवशी. आठ दिवस झाले. एव्हाना खाण्यात अळ्या वळवळायला पाहिजेत. एक नाही. मोठी चिलटंही तळाला पडलेली. फक्त तिचीच नाही, त्या पातेल्यातलं ज्याला ज्याला मिळालं त्या सगळ्यांची. बाकीच्यांचे वंश इतर ठिकाणाहून मागवता येतात. उजीचा कुठून मागवणार?

जुन्या नळ्या आठवडाभर ठेवायच्या असा तिथला नियम आहे. त्यात कोष राहिलेले असतात, गरज पडली तर त्यातून चिलटं निघतात. मग सोमवारी त्या वाफेच्या भांड्यात घालून आतलं सगळं मारायचं आणि नळ्या धुवायच्या. भिंतीवरच्या कागदावर सोमवारची खूण होती. खूण मी केली होती. म्हणजे जुन्या नळ्या गेल्या, असं धरून कुणी तिकडं बघितलंही नाही.

मॅडमनी नागम्माला बोलावलं. नळ्यांत साबण राहिला असणार, एवढाच तर्क निघत होता. नागम्मा म्हणत होती, "सोपु इल्ल्री अम्मा, सोपु इल्ल्री," साबण नव्हता हो, साबण नव्हता. मी दारात उभा होतो. माझा घसा बसला. शेवंता म्हणायची तसाच.

संध्याकाळी उजीनं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. म्हणाली, "तीन वर्षं आबा." एवढंच. रडली असती तर बरं झालं असतं. ती टेबलावरच्या मिठाच्या डबीचं झाकण लावत होती आणि काढत होती. मला तेव्हाच सांगता आलं असतं. पातेलं आठवलं, निळा खडा आठवला, तोंड उघडलं आणि म्हणालो, "भाजी गरम करू का?" असला मी.

मी तुम्हाला खरं सांगतो, भीती उजीच्या रागाची नव्हती. मला भीती होती की ती मला परत वस्तीवर पाठवेल, आणि तिथं ती भिंत. सत्तर वर्षांचा माणूस लेकीचं तीन वर्षांचं काम बुडवून वर आपल्याला बसायला जागा कुठं राहील हे बघत होता. हे लिहायला जड जातंय, पण दुसरं काही कारण नव्हतं.

सकाळी मी नेहमीच्या वेळेला गेलो. नागम्मा माझ्या आधी आली होती. बोलणी खाल्लेली बाई, ती सगळी खोलीच घासून काढत होती. मोरीखालचं फडकं तिनं ओढलं आणि मागून दोन ट्रे निघाले. जुन्या नळ्या. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "अज्जा, हे तर सोमवारीच वाफेला जायचं होतं न्हवं?" आणि ट्रे उचलून वाफेच्या भांड्याकडं निघाली.

सोमवारी शेवंताच्या महिन्याची तिथी होती. त्या दिवशी कामात मन लागेना, मी ट्रे मोरीखाली सारले, वर फडकं टाकलं, कागदावर खूण केली आणि बाहेर झाडाखाली जाऊन बसलो. उद्या करू म्हणून विसरलो. म्हणजे ज्या नळ्यांत उजीचा वंश अजून असला तर असेल, त्या माझ्या दुसऱ्या लबाडीमुळं वाचल्या होत्या, आणि आता नागम्मा झाकण उघडत होती.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही, नागम्मा सांगते की मी बकरं हाकतो तसं ओरडलो. सगळी खोली गोळा झाली. मॅडम आल्या, उजी आली. मी कानडीत म्हणालो, "तप्पु नंदु," चूक माझी. पुढचं कानडी मला येत नव्हतं, म्हणून मराठीत उजीकडं बघून म्हणालो, "साबण न्हवता. म्या मोरचूद घातला जेवणात. अन् ह्या नळ्या म्या वाफेला घातल्याच न्हाईत. खूण खोटी हाय."

उजी इतकी हळू बोलली की ऐकायला पुढं व्हावं लागलं. "किती घातला?"

"सुपारीएवढा."

"कुणाला विचारून?"

"कुणाला न्हाय."

"तुमी आयुष्यात कुणाला काय विचारलंय आबा?" ती म्हणाली. मग आवाज चढला. "आईला तरी कदी विचारलंत? चव्वेचाळीस वर्षं तिच्या खळीवर विणलंत. एकदा तरी मान वळवलीत?" सगळ्यांसमोर. मराठी कुणाला कळत नव्हती, पण कळायला भाषा लागते असं नाही. उजीनं दोन्ही ट्रे नागम्माच्या हातातून घेतले आणि खोलीत गेली. नागम्मानं माझ्याकडं एक स्टूल सरकवलं. ती बाई काल माझ्यापायी बोलणी खाऊन बसलेली, आणि स्टूल तिनंच दिलं.

जुन्या खाण्याला भेगा पडल्या होत्या, वर बुरशी. सहा नळ्यांतल्या तीन नळ्यांत काहीच नव्हतं. उरलेल्या तीन नळ्यांत मिळून अकरा चिलटं जिवंत निघाली. उजीनं गॅस सोडून त्यांना झोपवलं, रंगाच्या ब्रशनं एकेक बाजूला केलं आणि भिंगातून बघितलं. "सात माद्या," ती म्हणाली. माझ्याशी नाही, स्वतःशी. तिच्या वहीत तिनं मी काय घातलं, किती घातलं, कोणत्या दिवशी, सगळं लिहिलं. माझं नावही लिहिलं. मी म्हणालो, लिही. उजीनं सगळं समजावून सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या, आजोबांनी यापुढं मांडणीला हात लावायचा नाही, पातेलं नागम्माकडं. मी मान हलवली. बरोबर होतं.

मग दहा दिवस वाट बघायची होती. अकरा जीव, तेही अशक्त. अंडी घालतील, न घालतील. उजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण ताटात वाढत होती. तिसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. ती नळ्यांसमोर बसलेली.

न वळताच म्हणाली, "आई सुपारीएवढा घालत नव्हती. जवारीच्या दाण्याएवढा. अख्ख्या हंड्याला."

"तुला काय म्हाईत?"

"म्हाईत? मीच टाकायचे. आई म्हणायची, उजे, तुझी बोटं बारीक हायती, तू टाक. शाळंतनं आलं की दप्तर ठिऊन तेच काम. चिंचोके दोन रात्री भिजवायचे, एक न्हाय. अन् खळ गार झाल्यावर बगायची, गरम असताना नाही. गरम असताना सगळी खळ चांगलीच दिसती."

बिरू, मी खळ गरम असतानाच बघत होतो. दोन्ही ताणे त्यानंच तुटले. आणि एक वर्ष मी हे धरून चाललो होतो की ती जे जाणत होती ते तिच्याबरोबर जळालं. आणि ते इथं बंगळुरात, पांढरा कोट घालून, माझ्या रोजच्या ताटासमोर बसत होतं.

"मला कदी सांगितलं न्हाईस," मी म्हणालो.

"तुमी कदी विचारलं?"

नवव्या दिवशी उजीनं मला हाक मारली. नळीच्या तळाला खाणं मऊ झालं होतं, त्यात भोकं पडली होती. बारीक पांढऱ्या अळ्या. मला दिसायला वेळ लागला. मग त्याच त्या दिसायला लागल्या. तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला, लहानपणी काढायची तसा. पुढं त्या मोठ्या झाल्या, कोष झाले, चिलटं निघाली. तिनं मला पंख दाखवला. कडेला खाच होती. कधी कुणाची तुटकी किनार बघून मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

मी अजून तिथं जातो. नळ्यांचे बोळे करतो, ट्रे उचलतो. पातेल्याला हात लावत नाही. नागम्मा मोजायला लागली की मी शेजारी उभा राहतो आणि विचारतो, हे किती, हे का. ती चिडते. म्हणते, "अज्जा, साकु, पुरे आता, किती विचारतोस?" विचारूद्या मला.

तुम्हा गेलेल्या पोरांना मला वाटतं ते सांगतो. तुमच्याबरोबर गावाकडून काय गेलं ते तुम्हालाही माहीत नसतं, कारण तुम्हाला कुणी विचारत नाही. आणि मागं राहिलेल्यांनो, तुम्ही म्हणता गेलेलं माणूस सगळं विसरलं. विचारून बघा आधी.

बिरू, परवा तू म्हणालास, "दादा, आता घरी ये. लई दिस झालं." येईन. लिंबाला भेटायचं आहे, तुझ्या शेरडांना भेटायचं आहे, मागावरची धूळ झाडायची आहे. पण ते घर आणि हे परकं असं आता मला म्हणता येत नाही. शेवंता जिथं कुणाच्या तरी तोंडात आहे, तिथं मला बसता येतं. तिथं असली तर तिथं, इथं असली तर इथं. मी तिला जे विचारायचं राहून गेलं ते उजीला विचारतो. रोज एक, स्वयंपाक करताना. तिला कोणती भाजी आवडायची. ती माहेरच्या कुणाची आठवण काढायची. दुपारी मी झोपलो की ती काय करायची.

काल विचारलं, "उजे, तुझ्या आईला माझं काय आवडत न्हवतं?"

उजीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडं बघितलं. "यादी मोठी हाय आबा," ती म्हणाली. "जेवताना सांगते."

मी दोन ताटं मांडली आणि बसलो.